एमएस-२० मिनी घरी आल्यावर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कोर्गने १९७८ साली काढलेला एमएस-२० हा एका वेळी एकच स्वर वाजवणारा ॲनालॉग सिंथेसायझर २०१३ मध्ये ‘एमएस-२० मिनी’ या नावाने पुन्हा बाजारात आला. आकार मूळच्या ८६ टक्के, ३७ पट्ट्या पण अरुंद, पॅच पॅनलचे, म्हणजे केबलने आतले भाग एकमेकांना जोडायच्या फलकाचे, जॅक ३.५ मिलिमीटरचे. आत मात्र बहुतेक सगळी मांडणी जुनीच ठेवली आहे. नव्याने घेतलेल्या किंवा वापरलेला मिळवलेल्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक पत्रांत ‘सेट खराब निघाला का?’ हीच धास्ती आहे. पत्रांतली लक्षणे तपासली, तर बहुतेक ठिकाणी सेट ठणठणीत आहे. १९७८ ची रचना तशीच वागते, इतकेच. कोणता व्होल्टेज कुठून कुठे जातो हे कळले की धास्ती उरत नाही, म्हणून उत्तरांत तोच भर आहे.

प्रश्न : पट्टी दाबली तरी कधी आवाजच येत नाही, आणि कधी आला तर पट्टी सोडल्यावरही कित्येक सेकंद थांबत नाही. बदलून मागू का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी पॅनलवरच्या सगळ्या पॅच केबल काढा. या वाद्यात बऱ्याच जोडण्या आतून केलेल्याच असतात आणि जॅकमध्ये पिन घातली की तिथली आतली जोडणी तुटते. एखादी केबल दुसऱ्या टोकाला मोकळी लोंबत असेल, तरी तेवढी वाट बंदच.

मग नॉब असे ठेवा. व्हीसीओ-१ (पहिला ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारा भाग) : सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारखी लाट), स्केल म्हणजे सप्तकाची निवड ८ फूट. व्हीसीओ-२ चा लेव्हल शून्य, व्हीसीओ-१ चा १०. पोर्टामेंटो (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) शून्य. हायपास फिल्टर : कटऑफ (कापण्याची सीमा) शून्य, पीक (त्या सीमेजवळचा उठाव) शून्य. लोपास फिल्टर : कटऑफ १०, पीक शून्य. मॉड्युलेशनचे (दुसऱ्या व्होल्टेजने हलवण्याचे) सगळे नॉब, म्हणजे व्हीसीओचे दोन आणि दोन्ही फिल्टरचे प्रत्येकी दोन, शून्यावर. ईजी-२ (एन्व्हलप जनरेटर, म्हणजे आवाजाचा चढउतार ठरवणारा भाग) : होल्ड शून्य, अटॅक शून्य, सस्टेन १०, रिलीज शून्य. आता व्हॉल्यूम अर्ध्यावर आणून पट्टी दाबा. भरीव, खरखरीत स्वर यायला हवा आणि पट्टी सोडताच थांबायला हवा. आला, तर सेट चांगला आहे.

तुमचे पहिले लक्षण बहुधा फिल्टरमुळे आहे. ध्वनी आधी हायपासमधून, मग लोपासमधून जातो. हायपासचा कटऑफ वर आणि लोपासचा खाली असेल, तर एक खालचे सगळे कापतो, दुसरा वरचे सगळे, आणि मध्ये काही उरतच नाही. इतर सिंथेसायझरवर हात बसलेल्यांना एकच फिल्टर सांभाळायची सवय असते, त्यामुळे डावीकडच्या फिल्टरकडे लक्ष जात नाही.

दुसरे लक्षण होल्डचे. ईजी-२ मध्ये नेहमीच्या चार नॉबआधी ‘होल्ड’ हा पाचवा आहे. पट्टी सोडली तरी ती इतका वेळ दाबलेलीच आहे असे एन्व्हलपला भासवणे हे त्याचे काम. ढोलासारखे छोटे ठोके वाजवताना तो फार उपयोगी पडतो, कारण बोट उचलायला घाई झाली तरी ठोका पुरा वाजतो. एरवी शून्यावर ठेवा.

प्रश्न : डावीकडचे व्हील फिरवले तर काहीच होत नाही. शेजारचे बटणही मुके आहे. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोन्ही मुद्दामच मोकळे ठेवलेले आहेत. व्हील आतून कशालाच जोडलेले नाही. पॅनलवर त्याचे फक्त आउटपुट आहे. मधल्या खाचेत शून्य व्होल्ट, वर अधिक पाचाकडे, खाली उणे पाचाकडे. ते कुठे न्यायचे हे तुम्ही ठरवायचे.

पिच बेंडसाठी, म्हणजे स्वर वर-खाली वाकवण्यासाठी, व्हीलच्या आउटमधून केबल व्हीसीओच्या ‘फ्रीक्वेन्सी’ जॅकमध्ये घाला. आता ‘ईजी-१/एक्स्टर्नल’ असा जो मॉड्युलेशनचा नॉब आहे तो बेंडची लांबी ठरवतो. व्हील पूर्ण वर धरा, पट्टी दाबून ठेवा आणि नॉब शून्यावरून अगदी सावकाश वाढवा; सा दाबलेला असताना रे ऐकू आला की थांबा. नॉबचा सुरुवातीचा भाग फार नाजूक आहे, केसभर सरकला तरी अर्धा स्वर जातो. जुळल्यावर त्या जागी पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवलेली बरी.

व्हीलने व्हायब्रेटो कमी-जास्त करायचा असेल तर तीन केबल लागतात. एमजीचे (मॉड्युलेशन जनरेटर, म्हणजे हेलकावणारा व्होल्टेज देणारा भाग) त्रिकोणी आउटपुट मॉड्युलेशन व्हीसीएच्या (व्होल्टेजने सिग्नल कमी-जास्त करणारा भाग) ‘इन’मध्ये, व्हीलचे आउट त्याच व्हीसीएच्या ‘कंट्रोल’मध्ये, आणि व्हीसीएचे ‘आउट’ पॅनलवरच्या ‘टोटल’ जॅकमध्ये. मग व्हीसीओचा ‘एमजी/टी.एक्स्टर्नल’ नॉब एक ते दीड इतका ठेवा. एमजीचा वेग सेकंदाला पाच-सहा हेलकावे इतपत. ‘टोटल’मध्ये केबल घातली की एमजी थेट पोहोचणे बंद होते आणि त्याच्या जागी हा ताब्यातला सिग्नल येतो. या जॅकचा परिणाम व्हीसीओवर आणि दोन्ही फिल्टरवर होतो, म्हणून फिल्टरचे ‘एमजी/टी.एक्स्टर्नल’ नॉब शून्यावर आहेत ना, ते आधी पाहा. नाहीतर स्वराबरोबर टोनही हलेल. कधी कधी ते सुंदर लागते, पण ते ठरवून व्हावे.

मींडेसाठी पोर्टामेंटो आणि व्हील यांपैकी आमचे मत निर्विवाद व्हीलच्या बाजूने आहे. पोर्टामेंटो प्रत्येक स्वराला सारखाच ओढतो. गाणारा कधीच तसे करत नाही. व्हीलवर अंगठा असेल तर कुठला स्वर सरळ घ्यायचा आणि कुठल्यावर घसरत यायचे हे तुमच्या हातात राहते. त्यासाठी बेंड दोन अर्धस्वरांऐवजी पाच अर्धस्वरांपर्यंत वाढवा आणि मोकळ्या वेळात फक्त सा ते म हाच प्रवास घोटा.

बटणाचे आउट ‘ईजी-१ ट्रिगर इन’मध्ये (ट्रिगर म्हणजे एन्व्हलप सुरू करण्याचा इशारा) घातले, तर पट्टी न सोडता फक्त ईजी-१ नव्याने सुरू होतो. ‘फ्रीक्वेन्सी’ जॅक रिकामा आणि ‘ईजी-१/एक्स्टर्नल’ नॉब थोडा वर असेल, तर ईजी-१ पिचला जोडलेला असल्याने दाबाल तेव्हा स्वराला झटका बसतो.

प्रश्न : सुरू केल्यावर हार्मोनियमशी जुळवतो, पण अर्ध्या तासात सूर सरकलेला असतो. शिवाय षड्ज-पंचम धरून ठेवायला हे वाद्य वापरता येईल का? – एक वाचक, मिरज

उत्तर : आधी सरकण्याचे. ॲनालॉग ऑसिलेटरची कंपनसंख्या ट्रान्झिस्टरच्या तापमानावर अवलंबून असते. वाद्य सुरू झाल्यावर आतली हवा तापते, आणि ती स्थिरावेपर्यंत सूर हलत राहतो. वीस मिनिटे सुरू ठेवून मगच सूर लावा. पंख्याचा झोत थेट पॅनलवर नको, खिडकीतले ऊनही नको. तापल्यानंतर जुळवूनही तासाभरात पाव स्वराइतका फरक पडत असेल, तरच शंका घ्यायला जागा आहे. मैफिलीआधी साउंडचेक संपला म्हणून वाद्य बंद करू नका. व्हॉल्यूम उतरवून सुरूच राहू द्या.

आता पंचम. दोन व्हीसीओ असल्याने हे उत्तम जमते, आणि हार्मोनियमवर मिळत नाही असा शुद्ध पंचम मिळतो. दोन्ही व्हीसीओ सॉटूथवर घ्या, दोन्हींचा स्केल ८ फूट, लोपासचा कटऑफ सहा-सातच्या आसपास. व्हीसीओ-२ चा ‘पिच’ नॉब फिरवत पंचमाजवळ आणा आणि मग डोळे मिटून ठोके (जवळजवळच्या दोन कंपनसंख्या मिसळल्या की आवाजाचे होणारे कमी-जास्त) ऐका. षड्ज काळी एकचा, म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्‌झ असेल, तर त्याचा तिसरा हार्मोनिक (मूळ कंपनसंख्येची तिप्पट) ४१५.८ वर पडतो. हार्मोनियमच्या समान विभागणीतला पंचम २०७.६५ चा, त्याचा दुसरा हार्मोनिक ४१५.३. या दोघांत अर्ध्या हर्ट्‌झच्या आतबाहेर फरक राहतो, म्हणून दर दोन सेकंदांना एक मंद ठोका ऐकू येतो. नॉब अगदी किंचित वर न्या. ठोका लांबत लांबत थांबला की पंचम शुद्ध झाला. हा नॉब खाली-वर एकेका सप्तकाचा असल्यामुळे एवढी बारीक हालचाल बोटाच्या टोकाने होत नाही. नॉबच्या कडेला अंगठा टेकवून रेटायचा.

एवढे लक्षात ठेवा की दोन व्हीसीओंचे ट्रॅकिंग, म्हणजे पट्टीगणिक स्वर बदलण्याचे प्रमाण, तंतोतंत सारखे नसते. एका पट्टीवर शुद्ध केलेला पंचम वरच्या सप्तकात थोडा हलतो. धरून ठेवायचा स्वर एकच असतो, त्यामुळे इथे अडचण येत नाही; जिथे वाजवणार तिथेच जुळवा. पट्टीवर वजन ठेवण्यापेक्षा व्हीलचे आउट ‘इनिशियल गेन’ (आवाजाची पातळी उघडणाऱ्या) जॅकमध्ये घालून व्हील वर करा, आवाज आपोआप उघडा राहील.

तानपुऱ्याची जागा हा घेणार नाही. जवारीतून निघणारी हार्मोनिकांची झाक प्रत्येक आघाताला बदलते, इथे ती स्थिर आहे. एमजी अगदी सावकाश करून लोपासला थोडासा लावला तर जिवंतपणा येतो, तेवढाच.

प्रश्न : लॅपटॉपवरून वाजवताना व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा जोर), पिच बेंड काही पोहोचत नाही. – एक वाचक, ठाणे

उत्तर : पोहोचणारच नाही. मिडीमधून, म्हणजे वाद्यांना डिजिटल आज्ञा पाठवायच्या पद्धतीतून, तो फक्त स्वर सुरू आणि स्वर बंद एवढेच ऐकतो. कटऑफ किंवा पीक लॅपटॉपवरून हलवणेही शक्य नाही. नॉब हाताने फिरवत रेकॉर्ड करा.

प्रश्न : यूएसबी केबल लावली की स्पीकरमधून घूं असा आवाज आणि वर बारीक किरकिर येते. केबल काढली की शांत. – एक वाचक, पुणे

उत्तर : ग्राउंड लूप. लॅपटॉपचा चार्जर, ऑडिओ इंटरफेस आणि सिंथेसायझर यूएसबीच्या निगेटिव्हने एकमेकांना जोडले जातात आणि चार्जरची गळती ऑडिओत शिरते. खात्री करायला लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला किंवा अगदी कमी झाला तर निदान पक्के.

खरा उपाय म्हणजे यूएसबी सोडून मागचा पाच पिनांचा मिडी इन वापरणे. पाच पिनांच्या मिडीत सिग्नल ऑप्टोकपलरमधून, म्हणजे प्रकाशाने जातो, तारेने तारेला चिकटत नाही, त्यामुळे लूप तयारच होत नाही. ऑडिओ इंटरफेसवर मिडी आउट असेल तर एका केबलचा खर्च. नसेल तर ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोडणी तोडणारे बटण) असलेला डीआय बॉक्स ऑडिओच्या वाटेत घाला. प्लगची अर्थिंगची पिन कापून आवाज घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर कृपया मानू नका, त्यात जिवाचा धोका आहे.

अडॅप्टरचेही इथेच सांगतो. हे वाद्य ९ व्होल्ट डीसीवर चालते आणि त्याची मधली पिन पॉझिटिव्ह आहे. गिटार पेडलचे बहुतेक ९ व्होल्टचे अडॅप्टर मधली पिन निगेटिव्ह असलेले असतात. आकडा जुळला म्हणून लावू नका. वापरलेला सेट घेताना मूळ अडॅप्टर सोबत मिळतोय का ते आधी विचारा.

प्रश्न : मित्राच्या मॉड्युलर सिस्टिममधला (सुटे भाग जोडून केलेल्या सिंथेसायझरमधला) सिक्वेन्सर, म्हणजे स्वरांची ठरलेली मालिका वाजवणारा भाग, जोडला. स्वर भलतेच लागतात, आणि गंमत म्हणजे सिक्वेन्सर थांबला की आवाज सुरू होतो, चालू केला की तुटक होतो. – एक वाचक, बंगळुरू

उत्तर : तुमच्या दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि दोन्हींची उत्तरे १९७० च्या दशकात आहेत. त्या काळी व्होल्टेजचे दोन रिवाज होते. मूग, रोलँड आणि आजचे जवळजवळ सगळे मॉड्युलर व्होल्ट-पर-ऑक्टेव्ह पाळतात. कोर्गच्या एमएस मालिकेने आणि यामाहाच्या जुन्या सिंथेसायझरांनी हर्ट्‌झ-पर-व्होल्ट धरला.

व्होल्ट-पर-ऑक्टेव्हमध्ये सप्तकागणिक एक व्होल्ट वाढतो : १, २, ३, ४. हर्ट्‌झ-पर-व्होल्टमध्ये कंपनसंख्या दुप्पट झाली की व्होल्टेजही दुप्पट : १, २, ४, ८. पहिल्या दोन आकड्यांत मेळ दिसतो, म्हणून सुरुवातीचा एखादा सप्तक बरोबर लागल्यासारखा वाटतो. तिसऱ्या आकड्याला गाडी रुळावरून घसरते.

यावर तीन पर्याय आहेत. सिक्वेन्सरला मिडी आउट असेल तर तेच वापरा, सगळा प्रश्नच मिटतो. नाहीतर हर्ट्‌झ-पर-व्होल्ट देऊ शकणारा सिक्वेन्सर घ्या. कोर्गच्याच एसक्यू-१ मध्ये ती निवड आहे आणि ट्रिगरची दिशाही बदलता येते. तिसरा पर्याय फुकटचा : मित्राचा सीव्ही (स्वर ठरवणारा कंट्रोल व्होल्टेज) ‘व्हीसीओ-१+२ सीव्ही इन’मध्ये न घालता ‘फ्रीक्वेन्सी’ जॅकमध्ये घाला. या वाटेने येणारा व्होल्टेज सप्तकाच्या हिशेबानेच मोजला जातो. सिक्वेन्सरवर दोन पायऱ्या ठेवा, एक शून्य व्होल्टची आणि एक एक व्होल्टची, आणि दोघांत नेमका एक सप्तक येईपर्यंत ‘ईजी-१/एक्स्टर्नल’ नॉब फिरवा. मग दोन व्होल्टची पायरी घेऊन तपासा. दोन सप्तकांपर्यंत कानाला खटकणार नाही इतके जुळते. त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नका. नॉबला धक्का लागला की पुन्हा जुळवणे आलेच.

आवाजाचे उलटे वागणे ट्रिगरमुळे. मॉड्युलरचा गेट (स्वर सुरू-बंद सांगणारा व्होल्टेज) स्वर वाजताना पाच किंवा जास्त व्होल्ट देतो आणि एरवी शून्य. एमएस-२० ला उलट हवे असते : एरवी वाट मोकळी, आणि स्वर वाजवायचा तेव्हा ती ग्राउंडला टेकवायची. तुमच्या सिक्वेन्सरचा शून्य व्होल्ट त्याला ‘पट्टी दाबली’ असाच वाटतो.

उलटवणारा छोटा सर्किट घरी करता येतो. साहित्य : ३.५ मिलिमीटरचे दोन मोनो सॉकेट, एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, एक २२ किलोओहमचा रेझिस्टर, एक १एन४१४८ डायोड, व्हेरोबोर्डचा तुकडा. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत सगळे मिळते. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पहिल्या सॉकेटच्या टोकावरून रेझिस्टर बेसला. एमिटर आणि दोन्ही सॉकेटांची बाहेरची ग्राउंडची कडी एकत्र. कलेक्टर दुसऱ्या सॉकेटच्या टोकाला. डायोडची पट्टेवाली बाजू बेसला, दुसरी एमिटरला. गेट कधी निगेटिव्हमध्ये गेला तर ट्रान्झिस्टर वाचतो. वेगळा वीजपुरवठा लागत नाही. दुसऱ्या सॉकेटमधून केबल ‘ईजी-१+ईजी-२ ट्रिगर इन’मध्ये. ही केबल असेपर्यंत वाद्याचा स्वतःचा कीबोर्ड ट्रिगर देणार नाही, ते बरोबरच आहे.

प्रश्न : बासरी लावून तिच्यामागोमाग सिंथेसायझर वाजवता येतो असे ऐकले. मी लावले तर बदकासारखा आवाज येतो. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बरोबर ऐकलेत. एक्स्टर्नल सिग्नल प्रोसेसर हा भाग या वाद्याचा खरा ठेवा आहे आणि सर्वांत कमी वापरला जातो.

त्याचे काम असे. बाहेरचा आवाज ‘सिग्नल इन’मधून आत येतो, वाढवला जातो, एका बँडपास फिल्टरमधून गाळला जातो, आणि मग तीन गोष्टी तयार होतात : कंपनसंख्येच्या प्रमाणात व्होल्टेज, आवाजाच्या जोराच्या प्रमाणात व्होल्टेज, आणि आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ट्रिगर. कंपनसंख्येवरून निघणारा व्होल्टेज सरळ प्रमाणात असतो, आणि वर सांगितलेला हर्ट्‌झ-पर-व्होल्ट रिवाज नेमका तोच. मॉड्युलरवाल्यांना जाचणारी गोष्ट इथे कामाला येते.

पायऱ्या : १) बासरीसमोर मायक्रोफोन, मायक्रोफोन मिक्सरला, मिक्सरचे आउट ‘सिग्नल इन’ला. थेट मायक्रोफोनचा सिग्नल बहुधा कमी पडतो. २) सर्वांत जोरात वाजवत ‘सिग्नल लेव्हल’ वाढवा, पीकचा दिवा अधूनमधून चमकेल इतपत. ३) ‘एफ-व्ही सीव्ही आउट’ ते ‘व्हीसीओ-१+२ सीव्ही इन’. ४) ‘ट्रिगर आउट’ ते ‘ईजी-१+ईजी-२ ट्रिगर इन’. ५) ‘लो कट’ वाजवणार त्यातल्या सर्वांत खालच्या स्वराच्या जरा खाली, ‘हाय कट’ सर्वांत वरच्या स्वराच्या जरा वर. ६) एक लांब सा धरून ‘सीव्ही ॲडजस्ट’ने सिंथेसायझरचा स्वर जुळवा. ७) ‘थ्रेशोल्ड’ इतका ठेवा की श्वास घेताना ट्रिगर सुटणार नाही.

तुमचा बदकासारखा आवाज पाचव्या पायरीत अडला आहे. सर्किट लाटेचे चढउतार मोजतो. वरचे हार्मोनिक बळकट असतील तर तो कधी मूळ स्वर मोजतो, कधी दुप्पट, आणि व्हीसीओ एका सप्तकातून दुसऱ्यात उड्या मारतो. गाळणी जितकी अरुंद तितके मोजमाप स्थिर. बासरी या कामाला आदर्श आहे, कारण तिचा मूळ स्वर बळकट आणि हार्मोनिक सौम्य. एका बैठकीत दीड सप्तकापेक्षा मोठा पल्ला घेऊ नका. सनई किंवा हार्मोनियमवर हा प्रयोग जवळपास अशक्य, पहिल्यात हार्मोनिक फार आणि दुसऱ्यात एकाहून अधिक स्वर. गमक, जलद ताना यांत तो मागे पडतो; आलापात मात्र लाजवाब साथ करतो.

स्वर ओळखण्याची गरज नसेल तर आणखी सोपा उपयोग आहे. ‘एएमपी आउट’ ते पॅनलवरचे ‘एक्स्टर्नल सिग्नल इन’, ‘एन्व्हलप आउट’ ते ‘इनिशियल गेन’, दोन्ही व्हीसीओंचे लेव्हल शून्य. आता बाहेरचा आवाज दोन्ही फिल्टरमधून जातो. तबल्याचे किंवा ड्रम मशीनचे रेकॉर्डिंग असे घातले आणि पीक आठच्या आसपास नेला, की हे फिल्टर कशासाठी नावाजले गेले ते कानाला पटते.

प्रश्न : पीक वाढवला की किंचाळतो. ते टाळून वापरायचा कसा? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पूर्ण टाळू नका, ताब्यात घ्या. पीक वरच्या टोकाला गेला की फिल्टर स्वतःच स्वर काढू लागतो आणि त्या वेळी लेव्हल अचानक उसळते. हेडफोन काढून, व्हॉल्यूम तीनवर ठेवून सराव करा. छोट्या स्पीकरचे ट्विटर अशाने गेलेले आहेत.

त्याच किंचाळण्यातून चांगला किक ड्रम निघतो. दोन्ही व्हीसीओ बंद, लोपासचा पीक १०, कटऑफ दीड ते दोन, लोपासचा ‘ईजी-२/एक्स्टर्नल’ चार. ईजी-२ : अटॅक शून्य, डिके तीन, सस्टेन शून्य, रिलीज तीन, होल्ड शून्य. पट्टी दाबताच स्वर वरून खाली कोसळतो आणि विरतो. ठोका फार टोकदार वाटला तर मॉड्युलेशन दोनवर आणा. मात्र हा फिल्टरचा स्वर पट्ट्यांवर सुरात वाजणार नाही. कीबोर्डचा व्होल्टेज हर्ट्‌झ-पर-व्होल्टचा आणि फिल्टर सप्तकाच्या हिशेबाचा, त्यामुळे जोडला तरी स्वर चुकतात.

प्रश्न : साठवलेले आवाज कसे परत आणायचे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : यात मेमरी नाही. मोबाइल पॅनलच्या अगदी समोर धरून फोटो घ्या, तिरका घेतला तर नॉबची जागा एक-दीड अंशाने चुकते. फोटोत दिसत नाही ते लिहून ठेवा : कोणत्या पट्टीवर वाजवला आणि टेम्पो किती. कटऑफ आणि पीक कानानेच पुन्हा लावावे लागतात. चांगला आवाज लागला की लगेच रेकॉर्ड करून ठेवणे ही सर्वांत भरवशाची मेमरी.

प्रश्न : जपानमध्ये राहणारा भाऊ १९७८ चा मूळ एमएस-२० आणू शकतो. मिनी विकून तो घ्यावा का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : फक्त आवाजासाठी घेत असाल, तर आमचा सल्ला नको असा आहे. मूळ वाद्याचे उत्पादन चालू असतानाच फिल्टर बदलला. आधीच्यात कोर्ग-३५ नावाचे बंद मॉड्यूल होते, नंतर एलएम१३६०० ही चिप आली. आधीचा रांगडा, नंतरचा थोडा स्वच्छ. मिनीत आधीचीच रचना नव्याने बांधली आहे आणि व्हीसीए सुधारून खरखर कमी केली आहे. म्हणजे लोकांना जो आवाज हवा असतो तो तुमच्याकडे आहेच.

हाताला मोठे नॉब आणि पूर्ण आकाराच्या पट्ट्या हव्या असतील तर तक्रार रास्त आहे, मिनीचे नॉब जवळजवळ आहेत आणि पट्ट्यांवर जलद बोटे अडखळतात. त्यासाठी कोर्गनेच २०१४ मध्ये पूर्ण आकाराचा जोडणी संच आणि २०२० मध्ये रंगीत एमएस-२० एफएस काढला. दोन्हींत दोन्ही प्रकारचे फिल्टर निवडता येतात. वापरलेला शोधलात तर चाळीसहून अधिक वर्षे जुन्या वाद्यापेक्षा कमी डोकेदुखी.

तरीही मूळच आणायचा ठरला, तर भावाला मागची व्होल्टेजची पट्टी वाचायला सांगा. जपानसाठी बनलेला सेट १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर थेट लावला तर वीजपुरवठा जळतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. सगळे नॉब फिरवताना खरखर, प्रत्येक पट्टी, प्रत्येक जॅक, आणि तीन सप्तकांत ट्रॅकिंग, एवढे व्हिडिओ कॉलवर ऐकून मगच पैसे द्यावेत.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चामड्यालाही बुरशी येते. वाद्य कसे जपावे? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : दमट आणि खारट हवेचा पहिला मार जॅकच्या पत्र्यांवर बसतो. काळपट थर चढला की जोडणी अर्धवट होते, आणि ‘आतली वाट तुटलेली’ असे लक्षण केबल न लावताही दिसू लागते. म्हणून न वापरलेल्या जॅकमध्येही महिन्यातून एकदा पिन घालून दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. घासण्यानेच बराच थर जातो. तरी खरखर राहिली तर पिनेला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून तेच करा, वाद्य बंद ठेवून. गंज सोडवायचे तेलकट स्प्रे अजिबात नकोत. तेलावर धूळ चिकटते आणि नॉबच्या आतला कार्बनचा पट्टा बिघडतो. नॉबसाठी इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो.

पावसाळ्यात रोज अर्धा तास वाद्य सुरू ठेवणे हा उत्तम उपाय, आतली ऊब ओल धरू देत नाही. बंद केल्यावर लगेच झाकू नका. पूर्ण गार झाल्यावर सुती कापड, प्लास्टिक नको. आठवडाभर गावाला जायचे तर झाकणाच्या पेटीत शंभर-दोनशे ग्रॅम सिलिका जेल ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा निळे होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असते, त्यामुळे स्वयंपाकाचा ओव्हन आणि भांडी यासाठी वापरू नयेत. नारिंगी रंगाचे दाणे मिळाले तर तेच घ्या. आणि वीज कडाडायला लागली की अडॅप्टर भिंतीतून, यूएसबी लॅपटॉपमधून, दोन्ही काढून ठेवा.